ई-मेल उघडेना, ब्राउझर बदलला? आधी बघा, चावी कुणाकडे आहे!

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मॉइलच्या भूमिगत मँगनीज खाणीचे गाव. खाणीतली नोकरी, शेतातले धान आणि शिकायला तुमसर, भंडारा, नागपूरला गेलेली मुले, असा इथल्या अनेक घरांचा संसार. अशा घरात ई-मेल रोज कुणी वाचत नाही. एमएचटी-सीईटीचा अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, नोकरीचे बोलावणे अशा वर्षातल्या चार-दोन प्रसंगी तो लागतो. नेमका तेव्हाच तो उघडत नाही आणि अर्जाची शेवटची तारीख तोंडावर आलेली असते.

मग दोष संगणकाला दिला जातो. मोबाइल किंवा लॅपटॉप दुकानात जातो, तिथे 'फॉरमॅट मारला' जातो, पैसे जातात आणि ई-मेल तरीही बंदच राहतो. कारण बहुतेक वेळा बिघाड यंत्रात नसतोच. खात्याची चावी दुसऱ्याच कुणाच्या खिशात असते.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन का होत नाही?

आजकाल जीमेलसारखी सेवा फक्त पासवर्ड बघून दार उघडत नाही. नेहमीचा मोबाइल आहे का, नेहमीचे ठिकाण आहे का, हेही ती तपासते. शंका आली की खात्याला जोडलेल्या नंबरवर किंवा दुसऱ्या ई-मेलवर कोड पाठवते. घोडे अडते ते इथेच.

ग्रामीण भागात अनेकांचे पहिले ई-मेल खाते सेवा केंद्रात, सायबर कॅफेत किंवा शाळेत अर्ज भरताना उघडले जाते. घाईत केंद्रचालकाचाच नंबर टाकला जातो. पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. कधी घरात एकच मोबाइल असतो आणि तो घेऊन मुलगा पुण्याला कामाला जातो. त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचे ओटीपीही जातात. कधी रिचार्ज न केल्याने सिम बंद पडते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, असे 'ट्राय'ने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. म्हणजे तुमच्या खात्याचा कोड उद्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर वाजू शकतो.

आणखी एक गोष्ट. दोन वर्षे अजिबात न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. दहावीला उघडलेले खाते थेट पदवीच्या वेळी आठवले, तर ते शिल्लक असेलच असे नाही. काम नसले तरी काही महिन्यांनी एकदा लॉगिन करावे.

खाते परत कसे मिळवायचे?

लॉगिनच्या पानावरील 'फरगॉट पासवर्ड'वरूनच सुरुवात करावी. त्यासाठी पूर्वी ज्या मोबाइलवर किंवा संगणकावर खाते उघडत होते, तोच वापरावा. शक्यतो त्याच ठिकाणाहून, त्याच ब्राउझरमधून. नव्या मोबाइलवरून प्रयत्न करण्यापेक्षा कपाटात पडलेला जुना मोबाइल चार्ज करून पाहणे जास्त उपयोगी. जुना पासवर्ड विचारला तर आठवेल तो लिहावा. प्रश्न सोडून देण्यापेक्षा अंदाजाने दिलेले उत्तर बरे, असे गुगलच सांगते.

संगणक जुना असेल तर कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बघावी. आतला छोटा सेल संपला की घड्याळ मागे पडते आणि मग सुरक्षित संकेतस्थळे उघडायलाच नकार देतात. तारीख दुरुस्त केली की काम होते.

लॉगिन होते, पण ओटीपीचा मेल येत नाही, अशीही तक्रार असते. स्पॅम फोल्डर पाहून झाल्यावर जागा तपासावी. गुगलच्या मोफत खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की नवे मेल येणे थांबते. मोठ्या फाइली काढल्या की मार्ग मोकळा होतो.

ब्राउझर आपोआप कसा बदलतो?

क्रोम उघडले की भलतेच पान, शोधायला गेले की अनोळखी सर्च इंजिन, कोपऱ्यात सारखी 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशी सूचना. हे आपोआप होत नाही. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर किंवा क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेले की त्याच्यासोबत एखादे एक्स्टेन्शन घुसते. सूचनांचे कारण तर आणखी साधे असते. एखाद्या पानावर 'अलाऊ' दाबलेले असते.

हा धंदा किती मोठा आहे, याची झलक २०१७ मध्ये दिसली. ब्राउझर ताब्यात घेणाऱ्या 'फायरबॉल' या प्रोग्रामची बाधा जगभरात २५ कोटी संगणकांना झाली असून त्यात भारतातील सुमारे अडीच कोटी आहेत, असे चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने म्हटले होते. हा आकडा फुगवलेला असल्याचे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे होते. आकड्यावर वाद असला, तरी लोकांचे होमपेज बदलून जाहिरातींवर पैसा कमावला जातो, यावर वाद नव्हता.

घरच्या घरी दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे.

१. संगणकाच्या सेटिंग्जमधील अॅप्सच्या यादीत अलीकडे आलेले अनोळखी प्रोग्राम शोधून अनइन्स्टॉल करा.

२. क्रोममधील 'एक्स्टेन्शन्स' उघडा. जे तुम्ही स्वतः टाकले नाही, ते काढा. 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी असलेले एक्स्टेन्शन तुमचा मेलही वाचू शकते.

३. 'साइट सेटिंग्ज'मधील 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन अनोळखी संकेतस्थळांची परवानगी रद्द करा. मोबाइलवरही हेच करा.

४. सर्च इंजिन आणि सुरुवातीचे पान पुन्हा निवडा. तरीही फरक पडला नाही, तर 'रीसेट सेटिंग्ज' वापरा. बुकमार्क, हिस्ट्री आणि जतन केलेले पासवर्ड त्यात जात नाहीत. मात्र कुकीज जातात, म्हणजे अनेक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते. पासवर्ड माहीत नसताना रीसेट दाबले, तर ब्राउझर सुधारेल आणि खाते अडकेल.

५. सगळ्यात शेवटी ई-मेलचा पासवर्ड बदला. ब्राउझर साफ करण्याआधी बदलला, तर नवा पासवर्डही चोराच्या हाती पडू शकतो. नंतर 'सिक्युरिटी' पानावर कोणकोणत्या उपकरणांवर खाते चालू आहे ते बघा आणि अनोळखी असेल ते साइन आउट करा.

सगळ्यात महाग चूक

वैतागलेला माणूस 'जीमेल कस्टमर केअर नंबर' असे शोधतो. ब्राउझर आधीच बिघडलेला असेल, तर समोर येणारे निकालही भलतेच असू शकतात. मोफत जीमेल खाते परत मिळवून देणारा फोन नंबर गुगलने ठेवलेलाच नाही. फोनवर कुणी ओटीपी मागत असेल, एनीडेस्कसारखे अॅप टाकायला सांगत असेल किंवा व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवत असेल, तर तो चोर आहे असे समजून फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर होईल तशी पैसे अडवण्याची शक्यता कमी होते.

जबाबदारी कुणाची?

'लोकांना समजत नाही' असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. सातबारा, रेशन कार्ड, जातीचा दाखला जपून ठेवायला गावातल्या कुणालाही शिकवावे लागत नाही. कारण तो कागद आपला आहे, हे माहीत असते. ई-मेल खातेही आपले आहे, हे मात्र कुणी सांगितलेले नाही.

म्हणून खाते उघडून देणाऱ्यांनी काही गोष्टी पाळायला हव्यात. नंबर अर्जदाराचा किंवा त्याच्या घरातलाच हवा. पासवर्ड अर्जदाराने स्वतः टाकावा. काम झाल्यावर त्याच्यासमोर साइन आउट करावे. गर्दीच्या दिवसांत केंद्रचालकाला यासाठी वेळ काढणे अवघड जाते, हे खरे. पण आज वाचवलेली पाच मिनिटे पुढे एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीवर उठतात. शाळा-महाविद्यालयांनी दहावी-बारावीचे अर्ज भरण्याआधी एक तास यासाठी द्यायला हरकत नाही.

घरच्यांनीही एका रविवारी एवढे करावे: खात्यातील नंबर चालू आहे का ते बघावे, विश्वासातील माणसाचा ई-मेल रिकव्हरीसाठी जोडावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून मिळणारे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवावेत. नंबर बदलल्यास जुने सिम आठवडाभर तरी चालू ठेवावे, कारण तेवढे दिवस कोड जुन्या नंबरवरही जाऊ शकतो. पासवर्ड कागदावर लिहू नये, असे सर्रास सांगितले जाते. मात्र सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे पासवर्ड वहीत लिहून ती वही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवणे केव्हाही सुरक्षित. चिखल्यातल्या घरातून ती वही चोरीला जाण्याचा धोका, परदेशात बसलेल्या चोराने 'नाव आणि १२३' हा पासवर्ड ओळखण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी कमी आहे.