पहिल्या बर्फाचा भरवसा

नाताळची सुटी जवळ आली की नागपुरातल्या घरांत हिमालयाचे बेत शिजू लागतात. परवा नातू म्हणाला, "आजोबा, आता कुठे बर्फ पडू लागलाय. थोड्या बर्फाची कसली भीती?" प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणूनच हा लेख.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या द्रौपदी का दांडा-२ शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. पंचवीसहून अधिक जण दगावले. त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेली सविता कंसवाल त्यांत होती. पुढे १८ नोव्हेंबरला काश्मीरच्या माछिल भागात तीन जवान गेले. त्यांतला एक आपल्या धुळे जिल्ह्याचा. ऐन हिवाळा अजून यायचाच होता.

थोड्या बर्फाचा एक दगा तर खास या दिवसांतला. जमिनीत ऊब असते, वर हवा गोठवणारी. या तफावतीने तळाचा पातळ थर साखरेसारखा सुटा, भुसभुशीत होतो. त्यावर पुढचा बर्फ पडतो, वारा तो घट्ट बसवतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर माणसाचे पाऊल पडले की वरची लादी निसटते. बहुतेक वेळा ती सुटते सापडणाऱ्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने. गाडलेल्याला पंधरा मिनिटांत काढले तर आशा. पुढे ती झपाट्याने मावळते.

बँकेत मी वर्षानुवर्षे कर्जप्रकरणे तपासली. ताळेबंद चकचकीत आणि तारण पोकळ, अशी प्रकरणेच बुडत. "गेल्या वर्षी काही झाले नाही" हे काही तारण नव्हे.

डोंगराचीही छाननी होते. चंडीगडची संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. पण तो इशारा साऱ्या प्रदेशाचा असतो. समोरचा उतार तिथल्या माणसानेच जोखायचा. ताजा बर्फ किती, वारा कुठून, पायाखाली धप्प आवाज येतो का, भेगा पडतात का, हे पाहायचे आणि खड्डा खणून थर तपासायचे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना तीनच प्रश्न विचारा. रोजचा इशारा कोण वाचतो? शोधयंत्र आणि फावडे प्रत्येकाजवळ असते का? आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरण्याचा निर्णय कोणाचा?

नातवाने फोन लावला. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले, "आमची सहल कधीच परत फिरत नाही."

त्याने दुसरा आयोजक शोधायला घेतला आहे.