युद्धाची भाकिते आणि इंदापूरचा दाखला

युद्ध कुठेही पेटले की जाणकारांची भाकिते सुरू होतात. फेब्रुवारी 2022 मध्ये कीव काही दिवसांत पडेल, असे अनेकांनी ठामपणे सांगितले. कीव पडले नाही. पण त्या भाकितांचा जाब फारसा कुणी विचारला नाही. भाकीत जोखायचे कसे, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासातून शिकता येते.

नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली आणि पुढच्या काही महिन्यांत बारामती-इंदापूरसह पेशव्यांचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. त्याची घडी बसवणारा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पाटील-कुलकर्णी, पंचायती, वतने शक्यतो मोडू नयेत, हे त्याचे धोरण होते. मुलूख घेणे एक आणि तो सांभाळणे दुसरे, हे तो ओळखून होता. 1839 मध्ये इंग्रज फौजा अफगाणिस्तानच्या वाटेवर होत्या, तेव्हा निवृत्त झालेल्या एल्फिन्स्टनने पत्रातून बजावले की, फौजेला दाणागोटा पुरवता आला तर कंदाहार आणि काबूल मिळेल, इंग्रजांच्या पसंतीचा शाह शुजा गादीवरही बसेल. पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवून धरण्याची आशा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फौज काबूलमध्ये शिरली. जानेवारी 1842 मध्ये बाजारबुणग्यांसह सुमारे सोळा हजारांनी माघार घेतली. त्यातले बहुतेक वाटेतच मेले किंवा कैद झाले.

भाकीत खरे ठरले, एवढ्यावरून त्याला मान देऊ नये. खरे ते योगायोगानेही ठरते. जिंकतील का आणि टिकतील का, हे दोन प्रश्न एल्फिन्स्टनने वेगळे ठेवले, अट सांगितली आणि कारणही दिले, म्हणून त्याचे म्हणणे मोलाचे. 2003 मध्ये इराकवर हल्ल्याआधी अमेरिकेचे लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी म्हणाले होते की ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील. उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी दोनच दिवसांत ते म्हणणे पार चुकीचे ठरवले. बगदाद तीन आठवड्यांत पडले, सैन्य मात्र डिसेंबर 2011 पर्यंत अडकून राहिले.

ताब्याचा खरा कस गावात लागतो. इंग्रजी अमलाच्या पहिल्या काळात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली आणि लागवडखर्च वजा जाता उरेल त्याच्या 55 टक्के सारा ठरवला. हिशेब बारीक होता, अर्थशास्त्राला धरून होता. पण मोजणीत चुका होत्या, कनिष्ठ अंमलदारांनी हात धुऊन घेतले आणि पावसाने ओढ दिली. इंदापुरात जमिनी पडीक पडल्या, रयतेने गावे सोडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीचा पोत आणि रयतेची ऐपत पाहून नवे दर बसवले. 1836 मध्ये तीस वर्षांसाठी झालेली ही जमाबंदी पुढे मुंबई इलाख्याला नमुना ठरली.

ती मुदत संपली तीही एका युद्धाच्या सावटात. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवीने कापसाचे भाव चढले होते. त्या तेजीच्या काळात सारा वाढवला गेला आणि भाव पुढे उतरले. 12 मे 1875 रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्याची कारणे अनेक, सावकारी त्यात मुख्य. पण तेजी टिकेल असे धरून केलेली आकारणी रयतेच्या डोक्यावर होतीच.

म्हणून युद्धावर बोलणाऱ्याला काही गोष्टी विचाराव्यात. कोणत्या तारखेपर्यंत काय घडेल? फौज जाईल तिथे तिला कोण पोसेल, आणि तिथली माणसे तिला किती दिवस सोसतील? कशावरून तुमचे चुकले असे तुम्ही मानाल? उत्तर मिळाले नाही तर ते भाकीत नव्हे, नुसते मत समजावे. वाचकांनी ही भाकिते तारखेसह लिहून ठेवावीत आणि आम्ही वृत्तपत्रांनी जाणकाराचा नवा लेख छापताना त्याचे मागचे भाकीत शेजारीच द्यावे.