मुरघास सगळ्यांना माहीत, मग गव्हाणीत का नाही?

जुना जालना : मुरघास म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज राहिली नाही. मोबाईलवर रोज एखादा व्हिडिओ येतोच. तरीबी मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन गायींच्या घरी जाऊन बघा, गव्हाणीत सोयाबीनचं कुटार आणि वरून मूठभर सरकी पेंड. पूर्वी ज्वारी होती, कडबा होता. कापूस-सोयाबीन वाढलं आणि कडब्याच्या गंज्या गेल्या. मग "आपला शेतकरी नवीन काही घेतच नाही" असा शेरा मारला जातो.

हा शेरा जालन्याला लागू पडत नाही. संकरित बियाण्यांची महिको कंपनी 1964 मध्ये याच जालन्यात सुरू झाली. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच शिवारं बीटीनं भरली. फायदा दिसला की शेतकरी थांबत नाही. मग चाऱ्यापाशीच का अडतो?

पहिलं कारण, दुधाचा भाव. मुरघासाचा खर्च आज करायचा आणि दूध चार-सहा महिन्यांनी विकायचं. तेव्हा भाव काय असेल, कुणी सांगू शकत नाही. 2024 मध्ये गायीच्या दुधाला आधी लिटरमागे 5 रुपये आणि ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान द्यायची वेळ सरकारवर आली, यातच सगळं आलं. तेही सहकारी संघाला किंवा खाजगी डेअरीला दूध घालणाऱ्यालाच, जनावराच्या कानात बिल्ला असेल तर. हॉटेलला नाहीतर घरोघर रतीब घालणारा त्यातून बाहेर राहिला.

दुसरं, पाणी. 2023 च्या दुष्काळात सरकारने जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत आपले जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा होते. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, तो आधी मोसंबी जगवतो. कोरडवाहू माणसाला मका घ्यायची तर पावसाळ्यातच, म्हणजे सोयाबीन-कापसाची जागा कमी करून. पण हीच मका साठवली तर उन्हाळ्यात जनावर बाजारात न्यायची वेळ येत नाही. मुरघासाची खरी गरज कोरडवाहू माणसालाच जास्त आहे.

तिसरं, कुट्टी मशीन, बॅगा आणि मजुरी. दहा गायींवर हा खर्च वाटला जातो, दोन गायींवर अंगावर येतो. डेअरीचं पेमेंट तर किराणा आणि पेंडीच्या उधारीतच जातं.

चौथं कारण कुणी मोजतच नाही. वैरण टाकते बाई, धार काढते बाई आणि प्रशिक्षणाला जातो बाप्या. कुट्टीचा मापाचा घमेला किती, बॅग उघडल्यावर तोंड कसं बांधायचं, बुरशी आलेला भाग बाजूला का काढायचा, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. एक बॅग खराब झाली की "मुरघास आपल्याकडं जमत नाही" असं गावभर होतं.

आता साधा हिशेब बघू. दहा-बारा लिटरच्या गायीला दिवसाला 15 किलो मुरघास धरला, तर चार महिन्यांना 1,800 किलो लागतो. तीन गायींना साडेपाच टन. एकरी 15 टन हिरवी मका निघाली तर हे 15 गुंठ्यांत बसतं. थोडी नासाडी धरून 18 गुंठे पेरा. कणसातला दाणा चिकात आला की कापायची, बारीक कुट्टी करायची, दाबून हवा काढायची आणि दीड महिना तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला चार-पाच किलोच द्या, आठ-दहा दिवसांत वाढवा. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कमी असतात, त्यामुळे पेंड आणि खनिज मिश्रण बंद करू नका. मुरघास आला म्हणजे ढेप सुटली, हा गैरसमज आहे.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. त्यात 19 जिल्हे आहेत, कडबाकुट्टी यंत्र आणि मुरघासासाठी अनुदान आहे. पण अनुदान मिळवायचं तर बहुतेक वेळा आधी खिशातून पैसे घालावे लागतात, आणि गाडी तिथंच अडते. म्हणून एकेका घराला मशीन देण्यापेक्षा पाच-सात घरांना किंवा महिला बचत गटाला एक कुट्टी मशीन द्यावं. एकाच आठवड्यात सगळ्यांची मका कापून भरता येईल. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं प्रात्यक्षिक गावच्या गोठ्यात व्हावं, आणि पुढच्या रांगेत धार काढणाऱ्या बायांना बसवावं.

मुरघास चांगला की वाईट, हा वाद संपलेला आहे. प्रश्न एवढाच की वाईट वर्षाचा धोका कुणी घ्यायचा. आज तो सगळा दोन गायीवाल्याच्या डोक्यावर आहे. तो वाटून घेतला, तर याच पावसाळ्यात 18 गुंठे मका पेरायला आपला माणूस मागं राहणार नाही.