आदर्श आदिमंडळीचा, पण कोणता?

गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दळिता-कांडिता विठ्ठलाला आळविणाऱ्या या ‘नामयाच्या दासी’चा वारसा परभणी जिल्हा अभिमानाने मिरवितो. अशा भूमीत कोणी ‘आदिम ख्रिस्तमंडळीकडे परत चला’ अशी हाक दिली, तर त्या हाकेचा अर्थ नीट तपासून घ्यावयास हवा.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात त्या मंडळीचे वर्णन आहे. मालमत्ता समाईक, ज्याची जेवढी गरज तेवढे त्याला. तिच्यापाशी ना राजसत्ता होती, ना सैन्य. इ.स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती मताला मोकळीक मिळाली, ३८० मध्ये ते राजधर्म ठरले आणि चित्र पालटले. सत्ता आणि धर्मप्रसार यांची युती काय करते, हे १५६० पासूनच्या इन्क्विझिशनने गोमंतकाला दाखविले.

याच आदिमंडळीने इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत एक महत्त्वाचा निर्णय घेतला. ख्रिस्ताला मानणाऱ्या परकीयाने सुंता करून यहुदी होण्याची गरज नाही! श्रद्धेसाठी आपला समाज सोडावा लागत नाही, हाच त्याचा आशय. येथे मात्र उलट घडले. परभणीशेजारच्या जालन्यानजीक रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसविले. हेतू आश्रयाचा असेल. परंतु वेस निराळी झाली की गावकीचे धागे तुटतात.

हे शल्य रेव्ह. नारायण वामन टिळकांना जाणवले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे गेल्याचे सांगत. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग खुंटला. आदिमंडळीचे नाव घेणाऱ्यांनी टिळकांचा हा धागा प्रथम उचलावा. आमिष नको, नामांतर नको, ओवी-अभंगांशी फारकत तर नकोच.

मात्र हा प्रश्न केवळ ख्रिस्ती बांधवांना विचारून हिंदू समाजाची सुटका होत नाही. अंत्युखियात सहभोजनावरून पेत्राने माघार घेतली, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले. पंढरपुरात चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले. ते मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. पंगतीतून उठविलेला माणूस दुसरी पंगत शोधणारच. त्याला दोष देण्यापूर्वी आपली पंगत तपासावी. पाणवठा, मंदिर आणि स्मशान सर्वांसाठी एक असेल, त्या गावाला आदर्शासाठी यरुशलेमेकडे पाहावे लागणार नाही. जनाबाईंच्या जिल्ह्याने हे करून दाखवावे.