ढेळज आणि लॉबी

काही काळापूर्वी वास्तुकलेच्या एका महाविद्यालयात, विद्यार्थ्यांच्या आराखड्यांवर परीक्षकमंडळाची चर्चा चालू असता बाहेरचा श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. विषय होता तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालय. मराठवाड्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने प्रवेशद्वाराशी एक खोल, छायेची जागा योजिली होती. नकाशावर तिचे नाव होते ‘एन्ट्रन्स लॉबी’. लॉबी एवढी मोठी कशाला, दोन्ही अंगांस हे चौथरे कशासाठी, असे परीक्षकांनी इंग्रजीतून विचारले. तिला उत्तर सुचेना. जागा वाया गेली आहे, असा शेरा पडला. नंतर जिन्यात मी तोच प्रश्न मराठीतून केला, तेव्हा ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “सर, ती ढेळज आहे.”

ढेळज म्हणजे वाड्याच्या दरवाजातून आत शिरताच लागणारी, दोहो बाजूंस बसण्याचे ओटे असलेली छपराखालची जागा. ती रस्ताही नव्हे आणि घरही नव्हे. आलेल्या माणसाने तेथे टेकावे, चार शब्द बोलावे, मग आत जावे किंवा परतावे. ग्रंथालयाची पायरी चढण्यास जो वाचक बिचकतो, त्याच्यासाठी याहून समर्पक कल्पना कोणती असू शकेल? परंतु ती कल्पना त्या शब्दात वसत होती. शब्द पुसला गेला आणि कागदावर उरली ती केवळ जादा जागा.

हा प्रसंग एका विद्यार्थिनीच्या बुजरेपणाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण स्टुडिओ ही अध्यापनपद्धतीच मुळात संभाषणावर उभी आहे. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’शी निगडित असलेल्या कार्यशाळांतून रुळलेली ही पद्धत पुढे जगभर पसरली. येथे व्याख्यान गौण असते. अध्यापक विद्यार्थ्याच्या टेबलापाशी बसतो, अपुऱ्या रेखाटनावर पातळ कागद ठेवून बोलता बोलता रेघा ओढतो. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथात अशाच एका संभाषणाचे बारकाईने विश्लेषण केले आहे. उतरत्या जमिनीवर शाळा बसवताना अडलेली विद्यार्थिनी आणि तिला वाट दाखविणारा अध्यापक, एवढाच तो प्रसंग. त्यातून शॉन दाखवितात की रेखाटणे आणि बोलणे या तेथे दोन वेगळ्या क्रिया नसून ती एकच भाषा आहे. हे मान्य केले, तर ते बोलणे कोणत्या भाषेत चालते हा प्रश्न गौण राहत नाही.

उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याचा विचार निघाला की पाठ्यपुस्तके कोठे आहेत, अशी हरकत घेतली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतरही ती थांबलेली नाही. अन्य विषयांत तिला वजन असेल. स्टुडिओत मात्र ती टिकत नाही, कारण तेथील मुख्य साधन पाठ्यपुस्तक नसून कागद, पेन्सिल आणि समोरासमोरचे बोलणे हे आहे.

यात गतकाळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ओसरी, माजघर, परसू हे शब्द निरागस नाहीत. कोणी कोठवर यावे आणि कोणी कोठे थांबावे, याचा जातीने व लिंगभेदाने आखलेला हिशेब त्यांत मुरलेला आहे. मला तर हेच त्यांचे मोल वाटते. ‘लॉबी’ या शब्दाला आपल्याकडे अशी स्मृती नाही, म्हणून तो लिहिणाऱ्यास कोणी जाब विचारत नाही. ‘ढेळज’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र विचारावेच लागेल: त्या ओट्यावर कोण बसत होते, आणि कोणाला तेथवरही येऊ दिले जात नव्हते? सर्वांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयाचा आराखडा खरे पाहता याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा.

एका वर्गात अनेक भाषांचे विद्यार्थी असतात आणि व्यवसायाचा व्यवहार बव्हंशी इंग्रजीतून चालतो, हे खरे. म्हणून इंग्रजी हटवावी असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक नकाशावर जागेची दोन नावे असावीत: एक विद्यार्थ्याच्या भाषेतील, दुसरे इंग्रजी, आणि त्या दोहोंतील अंतर त्याने परीक्षकांपुढे समजावून सांगावे. तमिळ विद्यार्थी ‘तिण्णै’ लिहील, गुजराती ‘ओटलो’ लिहील. तिण्णै व ओटलो घराच्या पुढ्यात रस्त्याला सामोरे असतात, ढेळज दरवाजाच्या आत असते. इंग्रजी नावाखाली बुजून जाणारा हा भेद तेथे उघड होईल आणि त्यावर वाद घालता येईल. भाषांतरात जे निसटते तेच अभ्यासाचे द्रव्य असते, हे तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको.

कादंबऱ्यांतून, आत्मकथनांतून, ओव्यांतून घराचे हे शब्द त्यांच्या सर्व सुखदुःखांसह आपल्या विभागांपाशी जमा आहेत. त्यांवर आपण प्रबंध लिहितो. पण ज्यांच्या हातून उद्याची घरे आणि ग्रंथालये उभी राहणार आहेत, त्यांच्या टेबलापाशी जाऊन आपण क्वचितच बसतो. बोलावण्याची वाट न पाहता आपण तेथे जावे, असे मला वाटते.