कार्डावरचं नाव

रमजानच्या आधी आमच्या खालांना छातीत दुखू लागलं. तपासणीत हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला आणि डॉक्टरांनी आठवड्याच्या आत अँजिओप्लास्टी करून घ्यायला सांगितलं. घरात केशरी रेशन कार्ड होतं, रुग्णालय योजनेत होतं, आरोग्यमित्रही जागेवर होता. अडलं ते नावावर. आधारवर ‘बेगम’, रेशन कार्डावर ‘बी’, शिवाय जन्मवर्षात तीन वर्षांचा फरक. दुरुस्ती होईपर्यंत थांबायची खालूंची हिंमत झाली नाही. बांगड्या गहाण पडल्या. योजना कॅशलेस असते. आपण आधी पैसे भरले तर मागाहून परत मिळत नाहीत.

असे घोळ मी शाळेत रोज पाहते. एकाच मुलाचं नाव जन्मदाखल्यावर मोहम्मद, जनरल रजिस्टरमध्ये महंमद, आधारवर नुसतं ‘मोहं.’. उर्दूत सरळ एका रीतीने लिहिलं जाणारं नाव मराठी-इंग्रजीत गेलं की लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. कुणाचं ‘शेख’ आधी, कुणाचं शेवटी. लेकीचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली तरी तिचं नाव माहेरच्याच कार्डात. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणून सासरच्या कार्डात चढवायचं काम ‘करू की, घाई काय’ म्हणत राहून जातं. धान्यापुरतं ते खपून गेलं. आता इलाजही त्याच कार्डावर आहे.

केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार, पण यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून केलेली. त्या यादीत नसलेले बाहेर राहिले. आपल्या राज्यात 2012 मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना होती, तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. दोन्ही जोडल्या गेल्या आणि जुलै 2024 पासून राज्यात पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशन कार्डधारकांना 5 लाखांचं संरक्षण आलं. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अटही नाही. आयुष्मानमध्ये घरात माणसं किती याला मर्यादा नाही आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो. आपल्या एकत्र कुटुंबांना हे फार मोलाचं आहे, मात्र 5 लाख सगळ्या घराला मिळून, प्रत्येकाला नव्हे.

खालांच्या बाबतीत मला जास्त लागलेली गोष्ट दुसरीच. त्यांना साखर आहे हे त्या तपासणीत पहिल्यांदा कळलं. योजनेचं कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर. साखरेची, रक्तदाबाची रोजची गोळी त्यात येत नाही. त्यासाठी गावचं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात ‘आपला दवाखाना’. याच सुधारणेत उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आणि तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर, रक्तदाब, तोंडाचा कॅन्सर, बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची प्राथमिक तपासणी तिथे व्हावी असं ठरलं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. खालांच्या घरापासून उपकेंद्र दहा मिनिटांवर आहे. आशाताई दोनदा सांगून गेल्या होत्या. ‘मला काय झालंय?’ म्हणत खाला गेल्या नाहीत.

सगळा दोष खालांचा नाही. आमच्याकडच्या उपकेंद्रात गोळ्या कधी असतात, कधी नसतात. पाच लाखांच्या कार्डाचे फलक चौकाचौकांत लागतात, पण गोळ्या संपल्याचा फलक कुठेच लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीला आपल्या मोहल्ल्यातलं कुणी जातं का, असं मी पालकसभेत विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक अम्मी हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, असं काही असतं हेच माहीत नव्हतं.’

त्या सभेपासून मी एक पद्धत ठेवली आहे. दाखल्याच्या कामाला कुणी आलं की घरातल्या सगळ्यांचे आधार आणि रेशन कार्ड शेजारी ठेवून नावं ताडून पाहायला लावते. शंका असली तर 155388 हा योजनेचा नंबर लिहून देते. चार घरांपैकी तिघांत काहीतरी निघतंच.

खालांची नावं आता दोन्हीकडे जुळली, अलहम्दुलिल्लाह. दर महिन्याला त्या उपकेंद्रात साखर तपासून येतात. बांगड्या अजून सोनाराकडेच आहेत. खालूंच्या आधारवर अजून वडिलांचं नाव चुकलेलं आहे. विचारलं की म्हणतात, पुढच्या जुम्म्यानंतर जातो.