अस्सल जेवण कोठले?

परदेशी गेलेल्या माणसास तेथील भाषा आली नाही तरी एक वेळ निभावते. भुकेचे मात्र निभावत नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरी राहण्याचा योग आम्हांस आला. त्या मुक्कामात आमची संध्याकाळची वाट बहुधा 'नॉर्थ बीच' या पेठेकडे वळत असे. नावात 'बीच' असले तरी तेथे आज वाळूचा कणही दिसत नाही; भराव घालून समुद्र केव्हाच मागे हटविला गेला. दिसतात त्या कोलंबस ॲव्हेन्यूच्या दोन्ही अंगांस दाटीने उभ्या असलेल्या इटालियन खाणावळी, बेकऱ्या आणि कॉफीची दुकाने.

अशाच एका लहानशा खाणावळीत आम्ही जेवावयास बसलो होतो. सोबत आमचे एक स्नेही होते. रोम आणि फ्लॉरेन्स ही शहरे ते नुकतीच पाहून आलेले. पुढ्यात आलेल्या भांड्याकडे पाहून ते म्हणाले, "हे कसले इटालियन? इटलीत हे कोणी खात नाही!" त्या उद्गाराने जेवणाची चव गेली नाही, पण विचार मात्र पाठीस लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

भांड्यात होते ते 'चोप्पीनो'. तिसऱ्या, कोळंबी, मासळीचे तुकडे आणि त्या किनाऱ्याचा प्रसिद्ध डंजनेस खेकडा, हे सारे टोमॅटोच्या दाट रश्श्यात एकत्र शिजविलेले. गळ्याला फडके बांधून, हातांनी कवच फोडीत ते खावे लागते. आमच्या घरी मासळी चालते, म्हणून आम्ही भीत भीत का होईना, हात घातला. आणि मग तो लवकर निघाला नाही.

या पदार्थाचे कूळ शोधू जाता गोष्ट निघते ती अशी. 1848 साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तिकडे धावली. त्यांत इटलीच्या जेनोवा बाजूचे लोकही होते. सोने थोड्यांच्या हाती लागले. समुद्र मात्र सर्वांसाठी मोकळा होता. त्यांतील कित्येकांनी जाळी टाकली. त्यांच्या मायदेशी 'चुप्पीन' नावाचा माशांचा रस्सा करीत. तोच त्यांनी येथे करू घातला. पण जेनोवाचे मासे पॅसिफिक महासागरात कोठून यावेत? जाळ्यात जे आले, ते पातेल्यात गेले. तेव्हा आमच्या स्नेह्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते: हा पदार्थ इटलीचा नव्हे. पण तो इटालियन माणसांचा नव्हे, असे कोण म्हणेल?

आणि अस्सलपणाचा हिशेब मांडावयाचाच, तर तो कोठवर मांडावा? ज्या टोमॅटोवाचून इटालियन स्वयंपाकाची कल्पनाही आज करवत नाही, तो मूळचा अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. इटालियन स्थलांतरितांनी तो अमेरिकेत येऊन 'आमचा' म्हणून रांधला. आपल्या एकादशीचेच पाहा ना! मिरची, शेंगदाणे, बटाटे आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे त्याच खंडातून आलेले. म्हणून आपली साबुदाण्याची खिचडी परकी ठरवावयाची काय? आजीपुढे हा प्रश्न आम्ही तरी काढणार नाही.

अर्थात परमुलखातले सारेच गोड मानून घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. त्याच शहराच्या धक्क्यावर, प्रवाशांची झुंबड उडते तेथे, एका खाणावळीत आमच्या पुढे जो पास्ता आला तो शिजून लापशी झालेला आणि चीजमध्ये बुडालेला होता. तो वाईट होता, कारण करणाऱ्याने तो बेपर्वाईने केला होता. अस्सल-नक्कल यांचा तेथे संबंध नव्हता.

हे अस्सलपणाचे खूळ ताटापुरते राहिले, तर हसून सोडता येईल. पण ते माणसांसही लावले जाते. बेसबॉलचा नामांकित खेळाडू ज्यो डिमॅजिओ याच नॉर्थ बीचमध्ये वाढला. बाप सिसिलीहून आलेला कोळी. 1937 साली या कुटुंबाने तेथील धक्क्यावर खाणावळ काढली. 1941 साली लागोपाठ 56 सामन्यांत चेंडू टोलावून मुलाने देशभर कीर्ती मिळविली. आणि 1942 साली, इटलीशी युद्ध जुंपलेले असताना, नागरिकत्व न घेतलेल्या त्याच्या वृद्ध बापास 'शत्रुदेशीय' ठरविण्यात आले व धक्क्यावर जाण्यास बंदी झाली. मुलाच्या नावावर टाळ्या पिटणाऱ्या देशात बापास आपल्या घरच्या खाणावळीत जाता येईना! ऑक्टोबर 1942 मध्ये इटालियनांवरील तो शिक्का सरकारने काढला. पुढच्याच वर्षी मुलगा अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला.

आम्हां बडोदेकरांस ही गोष्ट विशेष लागावी. आमचे पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग इकडे आले. आमच्या आमटीत गूळ अंमळ जास्त पडतो, बोलण्यात गुजराती शब्द सहज येतात. सुटीत पुण्यास गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस "तुम्ही गुजराती का?" असे विचारले जाते, आणि मग ती मुले तेथे बोलावयासच संकोचतात. हा संकोच आम्हांस मान्य नाही. त्या मुलांची मराठी दोन-अडीचशे वर्षे परमुलखात घराघरांतून जपली गेली आहे; तिला कोणाच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याचे एक पाहुणे आमच्याकडे उतरले होते. त्यांस आम्ही मुद्दाम शेव-उसळ खावयास नेले. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "ही काही मिसळ नव्हे." आम्ही म्हटले, "नव्हेच. ही बडोद्याची शेव-उसळ." त्यावर ते काही बोलले नाहीत. तरी संपल्यावर मात्र त्यांनी वाडगा पुन्हा पुढे केला.